गेले होते, गेलो होतो

तिसऱ्या पानावर आत्याच्या लक्षात आलं, की आपल्याला पुरुष करून टाकलंय.

पहिली दोन पानं क्लबच्या इतिहासाची होती. काचकारखान्यातल्या कामगारांनी पंच्याहत्तर वर्षांपूर्वी टीम कशी काढली, दगड वेचून मैदान कसं सपाट केलं, वगैरे. ती तिने चष्मा नाकावर सरकवत कौतुकाने वाचली. तिसऱ्या पानावर ‘एका निष्ठावंत पाठीराख्याच्या आठवणी’ सुरू झाल्या आणि पहिलंच वाक्य तिच्या तोंडचं निघालं. ‘पहिली मॅच बघितली तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण रेफरी चुकतोय एवढं कळत होतं.’ हे ती गेली चाळीस वर्षं सांगत आली होती. ती स्वतःशीच हसली. पुढच्याच ओळीत मात्र होतं, ‘मी कुंपणाला टेकून उभा होतो.’

तिला वाटलं, छापणाऱ्याची चूक. ती पुढे गेली. ‘मी ट्रकच्या मागे चढलो.’ ‘मी घसा बसेपर्यंत ओरडलो.’ ‘मी परत आलो तेव्हा अंगावर एक धागा कोरडा नव्हता.’

कारखान्यात एकतीस वर्षं तिने बाटल्या तपासल्या होत्या. पांढऱ्या उजेडासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि बुडबुडा असलेली, केसाएवढी चीर असलेली बाटली ती उचलून बाजूला काढायची. एखादी खराब निघाली तर तो योगायोग. ओळीने सगळ्याच खराब निघाल्या, की साच्याकडे बघायचं. ती परत मथळ्यावर आली. मथळ्याखाली तिच्या धाकट्या भावाचा, अप्पांचा फोटो होता, भट्टीसमोर उभा असलेला, तरुणपणीचा. आणि त्याचंच नाव.

“अप्पा,” ती म्हणाली, “हे काय आहे?”

अप्पांनी ताटातून मान वर केली नाही. त्यांना सगळं ठाऊक आहे, हे तिला तिथेच कळलं.

खरं तर आज या टेबलाशी सगळे एकत्र बसलेत हीच मोठी गोष्ट होती. आपल्या वरच्या खोलीच्या दुरुस्तीवरून झालेल्या भांडणानंतर आत्या खाली जेवायला येत नव्हती. अप्पा छातीत दुखून हॉस्पिटलात गेले तेव्हा ती पहिल्यांदा जिना उतरली, आणि मग उतरतच राहिली. आज क्लबच्या पंच्याहत्तरीची मॅच होती, चार वाजता. म्हणून भावजयीने लवकर जेवायला वाढलं होतं, सून औषधाच्या दुकानातून अर्धी रजा घेऊन आली होती, आणि भाच्याने नवीकोरी पुस्तिका पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवली होती.

भाचा क्लबचा सेक्रेटरी झाल्यापासून घरातसुद्धा त्याला सगळे सेक्रेटरीच म्हणायचे. आधी चेष्टेने, आता सवयीने.

“आत्या, आधी जेवून घे,” तो म्हणाला. “मी सांगणारच होतो.”

“कधी? छापून झाल्यावर?”

“अगं, तसं काही नाही.”

“तीन दुपारी माझ्या खोलीत येऊन बसलास. फोन माझ्यासमोर ठेवलास. म्हणालास, आत्या, तू बोल, मी नुसता ऐकतो. बोलले मी. शेचाळीस वर्षांचं बोलले. आणि इथे कोण बोलतंय?”

सेक्रेटरीने घास गिळला. त्याला सभेत बोलायची सवय होती, त्यामुळे तो मुद्द्यांवर आला. पूर्वेच्या स्टँडला एका पाठीराख्याचं नाव द्यायचं कमिटीने ठरवलं होतं. आज हाफटाइमला अध्यक्ष ते जाहीर करणार होते. “अध्यक्षांचं म्हणणं पडलं की भट्टीवरचा माणूस हवा. कारखाना, भट्टी, घाम, फुटबॉल. लोकांच्या मनाला ते पटकन भिडतं.”

“आणि बाटल्या तपासणारी बाई भिडत नाही.”

“मी असं कुठे म्हणालो?”

“मग कसं म्हणालास? अप्पा शेचाळीस वर्षांत किती मॅचला गेलाय, सांगितलंस का त्यांना?”

“बाबा क्लबचेच आहेत की. भट्टी रविवारी बंद ठेवता येत नव्हती म्हणून...”

“किती?”

उत्तर अप्पांनीच दिलं. “चार,” ते म्हणाले. “एकदा पाऊस पडला म्हणून अर्धीच.”

भावजय इतका वेळ वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली. “वन्सं, मी एक बोलू? चार महिने झाले, हे त्या खिडकीशी बसून आहेत. पेपर वाचतात, घडी घालतात, परत उघडतात. जन्मभर आगीसमोर उभं राहून यांना मिळालं काय, तर भाजलेले हात. आता कुणी नाव देतंय तर देऊ द्या की. घरातल्या घरातच तर आहे. आणि तुम्हाला कुठे काय लागतं?”

ते शेवटचं वाक्य. आत्या ते वाक्य अठ्ठावीस वर्षांची होती तेव्हापासून ऐकत होती. अप्पाचं लग्न झालं आणि खालची खोली त्याला दिली तेव्हा आईने म्हटलं होतं, तुला कुठे काय लागतं. सेक्रेटरीच्या कॉलेजच्या वेळी तिने रात्रपाळ्या मागून घेतल्या तेव्हा सगळ्यांनी म्हटलं. वरची खोली गळायला लागली आणि दुरुस्ती खालून सुरू झाली तेव्हाही म्हटलं. खोलीवरून झालेलं ते एक भांडण सोडलं तर प्रत्येक वेळी ती गप्प बसली, कारण खरोखरच तिला फार काही लागत नव्हतं. रविवार लागायचा. तेवढा एक तिने कुणाला दिला नव्हता.

“मला काय लागतं ते सांगते,” ती म्हणाली. “पाचवं पान लागतं. ऐका.” आणि तिने वाचायला सुरुवात केली. “‘माझा कोट फाटका होता म्हणून दारवानाने मला अडवलं. घरी गरिबी फार होती. मी हात जोडले तेव्हा कुठे त्याने आत सोडलं.’”

तिने पुस्तिका खाली ठेवली. “कोट तुझ्या बापाचा होता, सेक्रेटरी, आणि धडधाकट होता. उभ्याने मॅच बघायच्या बाजूचं तिकीट बाईला देत नव्हते, म्हणून मी तो घातला होता. केस टोपीत कोंबले होते. दारवानाने माझी चप्पल बघितली आणि म्हणाला, बाई, घरी जा, चूल बघ. मी हात जोडले नाहीत. भिंतीबाहेर उभी राहिले आणि आतला आरडाओरडा ऐकत राहिले. पुढच्या रविवारी परत गेले. त्याच्या पुढच्या रविवारी परत. आठव्या वेळी तो कंटाळला आणि बाजूला झाला. हे मी तुला जसंच्या तसं सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतंस.”

“मग हात कुणी जोडले?”

“आत्या, पुरुषाला चपलेवरून कसं अडवतील? ते जुळत नव्हतं, म्हणून जरा...”

“जुळत नव्हतं म्हणून मला भिकारी केलंस.”

सुनेने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

“सातवं पान,” आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि अप्पांना ते जास्त भीतीचं वाटलं. “‘लग्न ठरलं तेव्हाच मी स्पष्ट सांगितलं, की रविवार क्लबचा. माझ्या पत्नीने ते हसत हसत मान्य केलं. आजही मॅचच्या दिवशी ती पहाटे उठून माझा डबा भरते.’”

भावजयीचा हात भांड्यावरच थांबला.

“हे माझ्याबद्दल आहे?” तिने विचारलं.

“आई, तसं थोडं घरगुती वातावरण यावं म्हणून...”

“मला दाखव.” तिने पुस्तिका घेतली आणि ओळींवरून बोट फिरवत वाचलं. तिला वाचायला वेळ लागायचा. कुणी घाई केली नाही. “मी कधी डबा भरला? मला तो खेळ डोळ्यांसमोर नको असतो. चिखलाचे कपडे तेवढे धुतलेत, तेही वन्संचे.” ती थांबली. मग मुलाकडे बघून म्हणाली, “हे त्या रेल्वेच्या क्लार्कचं आहे ना?”

सेक्रेटरीने मान डोलावली.

रेल्वेच्या तिकीटखिडकीवरचा क्लार्क. आत्याचं त्याच्याशी ठरलं होतं. माणूस वाईट नव्हता, अक्षर सुरेख होतं. त्याच सुरेख अक्षरात त्याने लिहून पाठवलं होतं, की रविवारी बायको घरी असावी एवढीच माझी अपेक्षा आहे, तेव्हा एक काय ते ठरवावं. पत्र आलं त्या दिवशी सेमीफायनल होती.

“दार मी उघडलं होतं,” भावजय म्हणाली. “नवीन होते या घरात, दोन महिने झाले असतील. पोस्टमनच्या हातून मीच घेतलं. वन्संनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, कोट चढवला आणि गेल्या. रडतील म्हणून मी दिवसभर वाट बघत बसले. संध्याकाळी आल्या त्या रेफरीला शिव्या घालत.” ती मुलाकडे वळली. “त्या बाईने त्यापायी जन्म एकटीने काढला. आणि तू ते माझ्या डब्यात घातलंस? हे काढून टाक.”

“आई, आठशे प्रती छापून झाल्यात.”

“मला आकडे सांगू नकोस.”

सेक्रेटरीने आधारासाठी बायकोकडे बघितलं, आणि तिथे त्याचा अंदाज चुकला. सून शांत स्वभावाची होती, या घरात आल्यापासून कुणाच्या बाजूने एक शब्द बोलली नव्हती.

“मी टाईप केलं तेव्हा सगळं बरोबर होतं,” ती म्हणाली. “रेकॉर्डिंग ऐकून, जसं आत्या बोलल्या तसं. नंतर यांनी कॉम्प्युटरवर बसून बदललं. मी विचारलं तर म्हणाले, प्रेसवाले बघून घेतील.” मग आत्याकडे न बघता तिने जोडलं, “माझ्याकडे पहिलं आहे अजून. पुसलेलं नाही.”

टेबलाशी आता तीन बायका एका बाजूला होत्या आणि सेक्रेटरी एकटा. त्याने खुर्ची मागे सारली. “म्हणजे मीच चोर. बाबांसाठी केलं ते कुणाला दिसत नाही.”

“माझ्यासाठी केलंस हे खरं,” अप्पा म्हणाले.

त्यांनी हात पुसले. बोटांची कातडी भट्टीने कधीच गुळगुळीत करून टाकली होती. “ताई, त्याने मला परवाच आणून दिलं. मी वाचलं. मला लगेच कळलं, हे तुझं आहे. तरी मी गप्प बसलो.” त्यांनी श्वास घेतला. “दोन दिवस मला वाटत होतं, मी गेलो होतो. रविवारी पाळी संपवून मी घरी यायचो आणि तू मॅच सांगायचीस. बंदरावरच्या मॅचला आपला फिटर आयत्या वेळी खेळायला उतरला, सात खेळाडूंनी काढून दिलेली घड्याळं तुझ्या हातावर होती, ते मला दिसतं. अगदी समोर दिसतं. मी प्रत्येक मॅचला गेलोय, ताई. तुझ्या तोंडून.”

दुसरी एखादी बहीण इथे विरघळली असती. आत्या विरघळली नाही, कारण तिचा राग खरा होता.

“ऐकलंस,” ती म्हणाली. “गेला नाहीस. मी सांगितलं ते तुला आवडलं म्हणून दर रविवारी पाय दुखत असताना बसून सांगितलं. ते तुला दिलं होतं मी. हे दिलेलं नाही. हे घेतलंय.”

ती उठली. ताटातलं अर्धं तसंच होतं. खुंटीवरचा क्लबचा निळा-पांढरा मफलर घेऊन ती एकटीच बाहेर पडली. मॅचला अजून तीन तास होते.

मैदानापर्यंतचा रस्ता कारखान्याच्या भिंतीकडेने जायचा. ती भरभर चालत होती आणि मनातल्या मनात भाच्याशी भांडत होती. भांडणात तिला सगळी चांगली उत्तरं आता सुचत होती. कोपऱ्यावरच्या झेंड्याजवळ, कठड्याशी, तिची नेहमीची जागा होती. तिथे ती उभी राहिली आणि लोक येऊन मैदान भरेपर्यंत कुणाशी बोलली नाही. पाहुणी टीम आली आणि त्यांच्या माणसांनी नेहमीचंच सुरू केलं, “काच फुटली, काच फुटली.” एरवी ती सगळ्यांत आधी उलट उत्तर द्यायची. आज शेजारचा म्हातारा फिटर म्हणाला, “काय, आज तब्येत बरी नाही का?” तिने त्याच्या हातातली पुस्तिका बघितली आणि तोंड फिरवलं.

हाफटाइमला एक-शून्यने मागे असताना माइक बाहेर आला. अध्यक्ष बोलले. सेक्रेटरी त्यांच्या बाजूला पांढराफटक चेहरा करून उभा होता. अप्पांना खुर्चीवरून उठवून पुढे आणलं, आणि टाळ्या पडल्या. भट्टीवर काम केलेली माणसं त्या गर्दीत पुष्कळ होती, ती मनापासून वाजवत होती.

अप्पांनी माइक हातात घेतला. “हे माझं नाही,” ते म्हणाले. “मी रविवारी कामावर असायचो. सगळ्या मॅचला माझी बहीण गेली. या आठवणी तिच्या आहेत.”

मग अध्यक्षांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, माइक स्वतःकडे ओढला आणि हसून म्हणाले, “बघा. इतकी वर्षं क्लबसाठी दिली आणि श्रेय घरच्यांना देतायत. याला म्हणतात मोठेपणा.” टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या. अप्पा मान हलवून नाही, नाही म्हणत होते आणि लोकांना ते आणखीच गोड वाटत होतं.

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं छापलं, तिला घरी कळलं, घरच्यांनी मान्य केलं, आणि आता खरं बोललेलंही त्याच्याच पदरात. तिने कठड्यावर हात टेकले. एकाहत्तराव्या वर्षी त्यावरून उडी मारता येत नव्हती, म्हणून ती खालून वाकून गेली, गुडघा गवतावर टेकला, उठली आणि सरळ मैदानातून चालत निघाली. एक स्वयंसेवक आडवा आला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो आपोआप बाजूला झाला.

“द्या इकडे,” ती अध्यक्षांना म्हणाली, आणि त्यांनी माइक दिला, बहुधा काय करावं ते न सुचल्यामुळे.

“पाचव्या पानावर ज्याला दारावर अडवलं,” ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज चारही बाजूंनी ऐकून दचकली, “ते कोट फाटला म्हणून नाही. बाई होते म्हणून. मी बाहेर उभी राहिले, सात रविवार. सातव्या पानावरचा डबा कुणी भरला नव्हता. मी उपाशी जायचे आणि उपाशी यायचे. बंदरावर तुमची सात घड्याळं सांभाळली ती मी. शेचाळीस वर्षं या कोपऱ्यात मी उभी आहे. तुम्ही सगळ्यांनी मला बघितलंय. आणि हे पुस्तक हातात घेऊन तुम्ही टाळ्या वाजवताय.”

ती थांबली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी तिला बघितलं होतं, हे खरंच होतं. पुस्तिका वाचताना त्यांच्यातल्या एकालाही ती आठवली नव्हती.

मग कोपऱ्यातून म्हाताऱ्या फिटरचा आवाज आला. “घड्याळं हिच्याचकडे होती. माझं घड्याळ मॅच संपायच्या आधी दे म्हटलं तर दिलं नाही.”

हशा झाला. पण तो तिच्यावर नव्हता, आणि त्यानंतर जे सुरू झालं त्याला टाळ्या म्हणता आल्या नसत्या. उभ्याच्या बाजूची माणसं कठड्याचा पत्रा हाताने बडवत होती, गोल झाल्यावर बडवतात तसा. आत्याने माइक अप्पांच्या हातात दिला, कारण जवळ तेच होते, आणि परत आपल्या जागेवर गेली. दुसऱ्या हाफात तिने लाइन्समनला असं काही फैलावर घेतलं, की शेजारच्या दोघांनी जागा बदलली. एक-एक झाली. जिंकायला हवी होती.

स्टँडला नाव त्या दिवशी दिलं गेलं नाही आणि पुढेही नाही. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर टाकला आणि पुढच्या सभेत तो कुणी काढला नाही. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. तिला दुसरंच हवं होतं, आणि ते घ्यायला ती मॅच संपल्या संपल्या स्टँडखालच्या ऑफिसात गेली.

पुस्तिकांचे गठ्ठे भिंतीला लावलेले होते. सेक्रेटरी टेबलाशी बसला होता. सून आधीच येऊन पोचली होती आणि एक गठ्ठा सोडत होती. अप्पा दाराशी खुर्चीवर टेकले होते, दमलेले, पण घरी चला म्हटलं तर ऐकत नव्हते.

“आत्या, चुकलं माझं,” सेक्रेटरी म्हणाला.

“चूक एखादी होते. तू एकेक शब्द शोधून बदललास. त्याला बसून वेळ दिलास.”

त्याने समोरची पुस्तिका मिटली. “आता काय करू? परत छापायला कमिटी देणार नाही.”

तिने एक प्रत उघडली, टेबलाच्या खणातून पाकिटं फोडायचं ब्लेड काढलं आणि दिव्याखाली धरून ‘गेलो’ या शब्दातली शेवटची उभी रेघ अलगद खरवडली. मग शेजारच्या ‘होतो’मधली. कागदाचा बारीक भुगा तिने फुंकून टाकला आणि पान त्याच्यासमोर ठेवलं.

“काना तेवढा काढायचा,” ती म्हणाली. “मात्रा राहते.”

“आणि ‘उभा’ आहे तिथे?” सुनेने विचारलं.

“तिथे पेनाने. मथळ्याखालचं नावही. पाच आणि सात मात्र पूर्ण खोडा, ती मी नवीन सांगते.”

सेक्रेटरीने गठ्ठ्यांकडे बघितलं. “सगळ्या प्रतींत?”

“सगळ्या.”

मग त्याने ब्लेड घेतलं, पहिली प्रत पुढे ओढली आणि वाकून खरवडायला लागला. पहिल्या दोन शब्दांना कागद फाटला, तिसरा नीट निघाला.

“मोठ्याने वाच,” आत्या म्हणाली.

“काय?”

“जे झालं ते मोठ्याने वाच. मला ऐकायचंय.”

त्याने बापाकडे बघितलं. अप्पा जमिनीकडे बघत होते, पण कान इकडे होते. सेक्रेटरीने पान जवळ घेतलं.

“मी ट्रकच्या मागे चढले,” तो वाचायला लागला, अडखळत, कान लाल झालेले. “मी घसा बसेपर्यंत ओरडले.”

“पुढे,” आत्या म्हणाली.